मुक्ता म्हणजे मोती की मुक्त?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान नाही. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढची सगळी शाळा सूतगिरणीच्या रात्रपाळीत आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांत झाली. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झालं तर पदरात घ्यावं. समितीनं विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, एका नावावर बोलतो. ते नाव आहे मुक्ता.

त्याचं कारण असं झालं. गेल्या पावसाळ्यात आपल्याच वस्तीत एका लेकीचं नामकरण होतं. त्रिशरण-पंचशील झालं, खीर वाटून झाली आणि मंडळी आमच्याकडे वळली, म्हणाली, नाव सुचवा. आम्ही म्हटलं, मुक्ता ठेवा. मुक्ता म्हणजे बंधनातून सुटलेली. तेवढ्यात कोपऱ्यातून एक म्हातारी आई बोलल्या, "मुक्ता म्हंजी मोती व्हय की! लेकरू मोत्यावानी डबीत जपावं." सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी येऊन शब्दकोश उघडला तर आईचंही खरं निघालं. मुक्ता म्हणजे मोती, आणि मुक्ता म्हणजे मुक्त झालेली. एकाच नावात दोन्ही अर्थ.

आता बघा, मोती डबीत ठेवतात. वेळ आली की काढतात आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. तुला कुठं जायचंय, असं मोत्याला कोणी विचारत नाही. मुक्त माणूस मात्र आपल्या पायानं चालतो. मग इतिहासात या नावाच्या ज्या बायका झाल्या त्यांच्या वाट्याला कोणता अर्थ आला? हे शोधायला आम्ही बसलो. पाचजणी सापडल्या. त्यांचीच हकिकत आज सांगायची आहे.

पहिल्या दोघी आपल्या धम्मातल्या. सुत्तपिटकात थेरीगाथा नावाचा ग्रंथ आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खुणींनी आपल्या अनुभवातून सांगितलेल्या 73 रचना त्यात आहेत. बायकांच्या तोंडची इतकी जुनी वाणी जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. त्यात मुत्ता नावाच्या दोघी आहेत. पालीतली मुत्ता म्हणजे आपली मुक्ता.

त्यातली एक श्रावस्तीच्या मोठ्या ब्राह्मण घरातली. विसाव्या वर्षी ती महाप्रजापती गौतमीकडे आली आणि संघात दाखल झाली. भगवंतांनी तिला केलेला उपदेश त्या गाथेत आहे. राहूच्या तावडीतून चंद्र सुटतो तशी बंधनातून सूट आणि ऋण फिटलेल्या मनानं भिक्षा घे, असा त्याचा भाव आहे. ऋण फिटणं म्हणजे काय ते आपल्याला दुसऱ्यानं समजावून सांगायला नको. ज्या घरानं ऊसतोडीची उचल घेतली आहे आणि ती फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही, त्या घराला त्याचा अर्थ पंडितापेक्षा जास्त कळतो.

दुसरी मुत्ता गरिबाची. अट्ठकथा सांगते की ती कोसल देशातल्या दरिद्री ब्राह्मणाची मुलगी होती आणि तिचं लग्न पाठीला कुबड असलेल्या माणसाशी लावून दिलं होतं. आपण उखळ, मुसळ आणि वाकडा नवरा या तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो, असा आनंद ती गाथेत सांगते. त्यापुढे जन्ममरणाच्या फेऱ्यातूनही सुटलो, असं म्हणते. आयाबहिणी हसतायत, हसा. पण कुणाच्या शरीराच्या व्यंगाला हसण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. दोन गोष्टी ध्यानात घ्या. उखळ-मुसळ हेही बंधन आहे, ही गोष्ट आपल्या पवित्र ग्रंथात नोंदलेली आहे. दुसरी गोष्ट त्या नवऱ्याची. या संसारात माझं मन राहत नाही, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं तिला अडवलं नाही, जायला संमती दिली. बिचाऱ्याची पाठ वाकडी होती, पण मन सरळ होतं. आमच्यासारख्या सरळ पाठीच्या माणसांनी यातून काय घ्यायचं ते आमचं आम्ही ठरवावं.

तिसरी मुक्ता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, संत मुक्ताबाई. कुणी म्हणेल, विहारात संतांचं काय काम? आम्ही पूजा सांगत नाही, चमत्कार मानत नाही. पण बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांच्या उगमावरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांना अर्पण केला होता. माणसाचं मोठेपण ओळखायला धर्माची भिंत आड येऊ नये.

मुक्ताबाईचा जन्म 1279 चा मानतात. वडिलांनी संन्यास घेतला आणि पुन्हा संसारात आले, एवढ्यावरून शास्त्री-पंडितांनी सगळं घर वाळीत टाकलं. आईबापांनी देह टाकला. चार पोरकी भावंडं उरली, त्यात ही सगळ्यात धाकटी. लोकांच्या बोलण्यानं ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले तेव्हा बाहेरून भावाची समजूत घालणारी हीच. ताटीचे अभंग तिच्या नावावर आहेत.

आणि ही आपल्या भागाशी जोडलेली आहे बरं का. आपल्या कयाधूकाठचं नर्सी हे परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव. कथा अशी सांगतात की तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं थापटणं दाखवून विचारलं, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग ही म्हणाली, आमचीही पारख करा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. नामदेवांना ते सोसलं नाही आणि हे मडकं कच्चं ठरलं. पुढे नामदेव आपल्याच औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे आले. पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा म्हणाले, जिथं देव नसेल तिथं माझे पाय ठेव. आणि नामदेवांचे डोळे उघडले. कथेतलं किती खरं ते बाजूला ठेवा. एवढ्या मोठ्या संताची पारख करायला लावणारी एक अल्लड पोरगी होती, हे लोकांनी सातशे वर्षं आवडीनं सांगितलं, ते महत्त्वाचं. 1297 साली ती गेली, म्हणजे सारं आयुष्य अठरा वर्षांचं. आज जळगाव जिल्ह्यात एक तालुका तिच्या नावानं आहे, मुक्ताईनगर. पूर्वी त्या गावाला एदलाबाद म्हणत.

चौथी मुक्ता राजवाड्यातली. औंढ्याच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला असं आपण ऐकत आलो. या अहिल्याबाईंची मुलगी मुक्ताबाई. अहिल्याबाईंचे पती खंडेराव 1754 साली कुंभेरीला पडले तेव्हा सासरे मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिलं नाही. म्हणून पुढचा एवढा कारभार, एवढ्या बारवा, एवढे घाट झाले. पण 1791 साली मुक्ताबाईंचे पती यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती निघाल्या. आईनं विनवण्या केल्या, पण लेकीनं ऐकलं नाही. नर्मदाकाठी आईच्या डोळ्यांसमोर चिता पेटली. दोघांनी आईचे दंड धरून ठेवले होते आणि पुढे तीन दिवस तिनं अन्न घेतलं नाही, असं माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय.

बंधूंनो, या बाईला काय कमी होतं? खरे मोती डब्या भरभरून असतील. आई राज्य चालवत होती. पण चाल मनात इतकी खोल रुतली होती की राज्य चालवणाऱ्या आईचाही हुकूम तिथं चालला नाही. सतीबंदीचा कायदा त्यानंतर 38 वर्षांनी, 1829 साली आला. नाव मुक्ता असलं म्हणून माणूस मुक्त होत नाही. आणि सोन्यामोत्यानंही होत नाही.

मग कशानं होतो? त्याचं उत्तर पाचवी मुक्ता देते.

ही पुण्याची मुक्ता साळवे. जातीनं मांग. जोतीराव फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. हिच्या घरी ना राज्य होतं ना मोती. तीन वर्षं शाळा शिकली आणि चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' पत्रानं तो 1855 च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत छापला. चौदा वर्षं म्हणजे आपल्या नववीतली पोरगी. आणि तिनं प्रश्न कुणाला विचारला? थेट देवाला! वेद ब्राह्मणांचे, आम्हाला ते बघायचीही मनाई, मग आमचा धर्म कोणता ते सांग, अशा अर्थाचा तो सवाल आहे. पेशवाईत मांग-महारांवर कोणते जुलूम झाले ते तिनं लिहिलं. उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल लिहिले. आणि शेवटी आपल्याच लोकांना सांगितलं की या रोगावर ज्ञान हेच औषध आहे.

1855 साली विचारलेल्या सवालाचं उत्तर बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलं, असं आम्ही समजतो. मधे 101 वर्षं गेली.

पण आमच्या जिवाला वेगळीच गोष्ट लागली. त्या एका निबंधानंतर मुक्ताचं दुसरं लिखाण आपल्या हाती आलेलं नाही. एवढी धारदार लेखणी, आणि तिचा एकच निबंध! चौदाव्या वर्षी बोललेली पोरगी पुढे गप्प का झाली, हा प्रश्न आम्हाला झोपू देईना. कारण त्याचं उत्तर आमच्याच घरात होतं.

हे सांगायला जड जातं, पण आज सांगतो. आमच्या थोरल्या मुलीला दहावीला चांगले मार्क पडले. बारावीला गेली तेव्हा गिरणीचं काम अर्ध्यावर आलं होतं, पगार थकला होता. तशात एक सोयरीक चालून आली. हुंडा नको, मुलगा कामाचा. अठरा पूर्ण व्हायची वाट बघितली, तेवढाच काय तो कायदा पाळला. परीक्षा राहून गेली. लग्नाच्या आधी पोरीनं एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही विहारात बोलता ते कुणाच्या पोरींसाठी?" आम्ही उत्तर दिलं नाही. गिरणीत तुटलेला धागा जोडायला आम्हाला क्षण लागत नाही. इथं मात्र हात चालला नाही.

पोरगी सासरी सुखी आहे, असं म्हणायची रीत आहे. आम्हीही दहा वर्षं तसंच म्हणत होतो. या पाच मुक्तांचं वाचून झालं तेव्हा पहिल्यांदा तिला जाऊन विचारलं. ती म्हणाली, बारावीची पुस्तकं अजून पेटीत आहेत. म्हणजे बघा, आम्ही मोती डबीत ठेवून आलो होतो. यंदा तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. जावईबापूंनी स्वतः शाळेत नेऊन दिला. निकाल काय लागायचा तो लागो.

बाबासाहेबांनी 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितलं होतं की समाजाची प्रगती आपण त्यातल्या बायकांच्या प्रगतीवरून मोजतो. लेकरांना शिकवा आणि लग्नाची घाई करू नका, हेही त्याच भाषणात होतं. आपण त्यांचा फोटो भिंतीवर लावला आणि भाषणातलं हे वाक्य विसरलो. विसरणाऱ्यांत पहिले आम्ही.

म्हणून आज नुसतं भाषण करून खाली बसायचं नाही असं ठरवून आलोय. समितीपुढे दोन गोष्टी ठेवतो. एक, विहाराची खोली रोज संध्याकाळी दिवे लावून मुलींच्या अभ्यासासाठी उघडी राहावी, आणि परत जाताना घरापर्यंत सोबत द्यायला आळीपाळीनं दोन घरांनी उभं राहावं. दुसरं, दसऱ्यानंतर जी घरं ऊसतोडीला जातात त्यांनी शिकणारी मुलगी सोबत नेऊ नये. धाकटं लेकरू सांभाळायला नाहीतर भाकरी थापायला तिला नेतात आणि तिचं वर्ष जातं. अशा मुलींना वस्तीतल्या घरांनी सहा महिने आपल्यात ठेवून घ्यावं. पहिलं घर आमचं लिहून घ्या. घरी विचारून आलोय. आमची मंडळी म्हणाली, दोन भाकरी जास्त पडतील, त्यात काय एवढं!

त्या म्हातारी आई आज पुढेच बसल्यात. आई, तुमचं चुकलं नव्हतं. लेकरू मोत्यावानी आहेच. फक्त त्याला डबीत ठेवू नका, एवढंच आमचं म्हणणं.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवतो. नमो बुद्धाय, जयभीम!