जुना संगणक आणि फरदड
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, मग सौदा करतो. गटाच्या हिशेबासाठी जुना संगणक घेताना मात्र दुकानदाराने तो चालू करून दाखवला की पैसे मोजतो. त्याच यंत्रात मग सभासदांचे आधार, सात-बारा आणि बँकेचा पासवर्ड जातो.

आमच्या गटाने असाच एक घेतला. वरून स्वच्छ. आत एनीडेस्क बसवलेले, कायमच्या पासवर्डासह. प्रोग्रॅम वाईट नाही. दुरून यंत्र चालवण्याची ती सोय आहे. पण पासवर्ड ज्याच्याकडे, यंत्र त्याच्या हातात. बँकेचे काम सुरू व्हायचे होते म्हणून वाचलो.

तेव्हा कुठलाही पासवर्ड टाकण्याआधी तीन गोष्टी करा.

एक. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'स्टार्टअप'मध्ये आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतात. अनोळखी नावे लिहून घ्या, उघडून बघू नका.

दोन. 'विंडोज सिक्युरिटी'त 'एक्सक्लूजन्स'ची यादी बघा. त्यातल्या फाइली तपासल्याच जात नाहीत. तुम्ही काही वगळलेले नाही, म्हणजे यादी रिकामी हवी. रिकामी नसेल तर संशय घ्या.

तीन. तिथूनच 'डिफेंडर ऑफलाइन' तपासणी लावा. विंडोज पुरते जागे होण्याआधीच ती यंत्र तपासते. साधारण १५ मिनिटे लागतात.

काही सापडले नाही म्हणजे यंत्र निरोगी, असे समजू नका. २०१७ साली विदर्भात काय झाले ते आठवा. पऱ्हाटी हिरवीगार, बोंड वरून साबूत, फोडले की आत गुलाबी अळी. फरदड ठेवू नका, पऱ्हाटी उपटा, हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगितले. दुसऱ्याने बसवलेले विंडोज तसेच वापरणे ही फरदडच आहे.

म्हणून सगळे पुसा. भरवशाच्या संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून, ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा. जुने कप्पे काढून नव्याने बसवा. जुन्या मालकाचे फोटो, कागद दिसले तर चाळू नका, तेही पुसायचेच. 'पुसून बसवल्यावर चालला तरच पूर्ण पैसे' ही अट सौद्यातच घाला.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही, ते त्याच भावात घेऊ नका. घेतलेच असेल, तर लिनक्स फुकट मिळते. हिशेबाला ते पुरते.

एवढे करूनही खात्यातून पैसे गेले, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

व्यापाऱ्याच्या काट्यावर नजर ठेवायला आपण शिकलो. या यंत्रावरही ठेवू.