हट्ट नव्हे, आजार



ज्या घरात स्वमग्न मूल वाढते, त्या घराला त्याच्या सवयी पाठ असतात. परंतु ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर तोच मुलगा एके दिवशी दारात पाऊल उचलून थबकतो, घास हातात धरून तासभर बसतो, येत असलेले शब्दही बोलत नाही. घर म्हणते, हा हट्ट. कधी वैद्यही म्हणतात, ही स्वमग्नताच. येथेच घात होतो.

या अवस्थेला ‘कॅटाटोनिया’ हे नाव जर्मन वैद्य कार्ल काल्बाउम यांनी १८७४ साली दिले. पुढे दीर्घकाळ तो केवळ स्किझोफ्रेनियाचा भाग मानला गेला. वस्तुतः नैराश्य व उन्माद या विकारांतही तो आढळतो. इंग्लंडमध्ये लोर्ना विंग व अमिता शहा यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तपासणीस आलेल्या पंधरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तींपैकी १७ टक्क्यांत त्याची गंभीर लक्षणे दिसली.

मुख्य खूण एकच : पूर्वीच्या वागण्यात पडलेला स्पष्ट फरक. हालचाल मंदावणे, अवघडलेल्या स्थितीत राहणे, सांगितल्याशिवाय काहीच न करणे. क्वचित याउलट बेभान धावपळ वा स्वतःस मारणे. अशा बारा लक्षणांपैकी तीन आढळल्यास निदान होऊ शकते. मनातील खिन्नता ज्याला सांगता येत नाही, त्याची झोप, भूक व रडणे घरच्यांनीच पाहावयाचे असते.

उपचार आहेत. प्रथम लोराझेपाम हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली देतात. कित्येकदा काही तासांतच रुग्ण बोलू लागतो. ते परस्पर बंद करू नये. गुण न आल्यास विद्युत उपचार प्रभावी ठरतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तो भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय करता येत नाही. अल्पवयीनांसाठी पालकांच्या संमतीसह मंडळाची पूर्वपरवानगी लागते. मनोविकारावरील काही औषधांनी मात्र हा आजार बळावू शकतो. ताप व शरीराचा ताठरपणा एकत्र दिसल्यास किंवा अन्नपाणी सुटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मूळ नैराश्य वा उन्माद यांवरही उपचार चालू ठेवावा लागतो.

पालकांनी फरक कधीपासून पडला ते तारखेसह लिहावे, मोबाईलवर चित्रण करावे व मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. थबकलेल्या मुलाला रागावून पाऊल पुढे पडत नाही. वेळीच ओळखले, तर पडू शकते.