आवाज तुटतो तेव्हा



गाणं रंगात आलेलं असतं आणि मधेच आवाज गायब होतो, लगेच परत येतो. कधी नुसतं 'टक्' होतं, कधी अर्धा सेकंद काहीच ऐकू येत नाही. घरी डॅक बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. मग बहुतेक जण दुसरी चिप मागवतात. ती येते, बसते, आणि आवाज पहिल्यासारखाच तुटत राहतो. आज मला ठामपणे सांगायचं आहे ते हे की, आवाज तुटतो तेव्हा चिप क्वचितच दोषी असते. आकडे वेळेवर पोचलेले नसतात, दोन घड्याळं जुळलेली नसतात, वीज कमी पडलेली असते किंवा एखादा जोड कच्चा असतो. यांतलं नेमकं काय झालंय ते नवीन काही विकत न घेता शोधता येतं.

ज्यांनी डॅक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोबाइलमधलं किंवा पेनड्राइव्हमधलं गाणं म्हणजे आकड्यांची लांबच लांब रांग. त्या आकड्यांवरून ॲम्प्लिफायरला चालेल असा विजेचा चढउतार तयार करणारं सर्किट म्हणजे डॅक. तो फोनमध्येही असतोच, पण मोठ्या स्पीकरवर मन लावून ऐकायचं तर वेगळा डॅक बांधायची हौस आता फक्त पुण्या-मुंबईची राहिलेली नाही. रासबेरी पाय हा छोटा संगणक, त्याला जोडलेलं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पीसीएम ५१०२ ए या चिपचं जांभळं मॉड्यूल, चार-पाच जम्पर वायरी आणि मोबाइलचा अडॅप्टर, एवढ्यावर उत्तम ऐकू येणारा संच उभा राहतो. हे काम करणाऱ्या मुलामुलींचं मला मनापासून कौतुक आहे.

आता आकडे किती वेगाने धावतात ते पाहू. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये सीडीचं मानक ठरवलं. त्यात आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन बाजू. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. आजच्या यंत्रांना हा वेग काहीच नाही. अडचण वेगाची नसून वेळ पाळण्याची आहे. फोटो व्हॉट्सॲपवर दोन सेकंद उशिरा आला तरी फोटो तोच राहतो. गाण्यातला नमुना मात्र सेकंदाच्या चव्वेचाळीस हजाराव्या भागात हजर नसेल तर त्याची जागा रिकामी जाते.

यूएसबीवरून आवाज पाठवण्याची रीतही याच हिशेबाने ठरलेली आहे. साध्या फुल-स्पीड यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक पाकीट जातं. एका मिलिसेकंदात ४४.१ नमुने बसतात, आणि अर्धामुर्धा नमुना पाठवता येत नाही. म्हणून नऊ पाकिटांत ४४-४४ नमुने आणि दहाव्यात ४५. पेनड्राइव्हवर फाइल उतरवताना एखादं पाकीट खराब झालं तर यूएसबी ते पुन्हा मागवते. आवाजाच्या बाबतीत तसं नाही, खराब झालेलं पाकीट गेलं ते गेलंच. त्यामुळे ज्या केबलवरून फाइल बिनचूक उतरते, तीच केबल गाण्यात टकटक करू शकते. 'केबल चांगली आहे, मी कालच फोटो घेतले' हे म्हणूनच पुरावा होत नाही.

डॅकच्या आधी एक बफर असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी हौद असतो तसाच. टँकर कधी लवकर येतो, कधी उशिरा, पण हौदात पाणी असेपर्यंत नळाची धार सारखी राहते. बफर म्हणजे आकड्यांचा हौद. १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे फक्त २३ मिलिसेकंदांची सोय, ४,०९६ चा घेतला तर ९३ मिलिसेकंदांची. संगणक मधेच दुसऱ्या कामात गुंतला आणि तेवढ्या वेळात परतला नाही की हौद कोरडा पडतो. म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे : गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये जाऊन बफर चौपट करा. तुटणं थांबलं तर दोष संगणकाच्या बाजूला आहे. नुसतं विरळ झालं तर तो संगणकाकडे किंवा पुढे सांगणार आहे त्या घड्याळांत असू शकतो. काहीच फरक पडला नाही तर तो डॅककडे, तारांकडे किंवा विजेकडे आहे. इथेच अर्धं काम होतं.

पण फरक पडला की नाही हे कानाला कळायला हवं, आणि त्यासाठी काय वाजवायचं हे महत्त्वाचं. आपल्या तेरखेड्याच्या शेजारी येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते. तिथल्या संबळाचं रेकॉर्डिंग कुणाच्या फोनमध्ये असेल. ते ऐकायला जरूर लावा, तपासायला लावू नका. संबळाच्या दोन ठोक्यांमध्ये आवाज पडला तर कळतच नाही, आणि ठोक्यावरच 'टक्' झालं तर ते ठोक्यात मिसळून जातं. तपासायला तानपुरा लावा. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तानपुऱ्याची जव्हारी नीट लागलेली असली की आवाज कुठेही न तुटता गोल फिरत राहतो, आणि अशा अखंड नादात एवढीशी फटसुद्धा लपत नाही. चांगली अर्ध्या तासाची तानपुऱ्याची फाइल डॅक बांधणाऱ्याकडे असलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तानपुरा लावला की समोर कागद आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ ठेवा. प्रत्येक वेळी आवाज तुटला की वेळ लिहा. दहा-बारा नोंदी झाल्या की त्यांच्यातलं अंतर पाहा. अंतर सारखं येतंय की वेडंवाकडं, हा सगळ्यात मोलाचा सुगावा आहे.

अंतर ठरावीक असेल तर बहुधा दोन घड्याळांचा तंटा आहे. संगणकात घड्याळाचा ठोका देणारा एक स्फटिक असतो, डॅकच्या बोर्डावर दुसरा. दोघेही स्वतःला ४४,१०० म्हणवतात, पण दहा लाखांत ५० इतका फरक साध्या स्फटिकांमध्ये सहज असतो. म्हणजे सेकंदाला साधारण २.२ नमुन्यांचा फरक. १,०२४ चा बफर सुरुवातीला निम्मा भरलेला असेल तर उरलेले ५१२ नमुने संपायला किंवा साठायला २३२ सेकंद लागतात. दर चार मिनिटांच्या आसपास एक 'टक्', अगदी नेमाने. अशा वेळी बफर वाढवला तर टक् लांबणीवर पडते, जात नाही. त्यावर उपाय एकच : दोघांपैकी एका घड्याळाला मालक करायचं. असिंक्रोनस पद्धतीच्या यूएसबी डॅकमध्ये हे काम डॅकचं घड्याळ करतं आणि संगणकाला 'थोडं जास्त पाठव, थोडं कमी पाठव' असं कळवत राहतं. रासबेरी पायच्या पिनांवरून थेट मॉड्यूल जोडलं असेल तर मुळात घड्याळ एकच असतं आणि हा तंटा उद्भवत नाही. तो होतो ऑप्टिकल केबलने आलेल्या किंवा नेटवर्कवरून येणाऱ्या आवाजात, जिथे पाठवणाऱ्याचं घड्याळ वेगळं आणि वाजवणाऱ्याचं वेगळं असतं.

हा छंदिष्टांचाच प्रश्न आहे असं समजू नका. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. त्या सगळ्या मिळून एक दुर्बीण व्हायची तर त्यांना एकच ठोका मिळावा लागतो, म्हणून मध्यवर्ती केंद्रातून ऑप्टिकल फायबरवरून प्रत्येक अँटेनाला एक सामाईक संदर्भ-संकेत पोचवलेला आहे. आकाशातला क्षीण संकेत असो की आपल्या घरातला यमन, आकड्यांत उतरला की तो घड्याळाच्या ताब्यात जातो.

नोंदींमधलं अंतर वेडंवाकडं असेल तर आधी विजेकडे बघा. फ्रिजचा कॉम्प्रेसर लागला, शेजारच्या शेतातली मोटार सुरू झाली, इन्व्हर्टरवर बदल झाला, त्याच क्षणी आवाज गेला का? ही नोंदही त्याच कागदावर करा. पण आपल्याकडे दोष महावितरणच्या खांबापर्यंत जाण्याआधी बहुतेकदा एक मीटरच्या केबलमध्येच सापडतो. हिशेब करून दाखवतो. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये २८ गेजची बारीक तार असते. तिचा रोध मीटरमागे ०.२१ ओहम. वीज जाते एका तारेने आणि परतते दुसऱ्या तारेने, म्हणून एकूण ०.४२. संचाने एक अँपिअर ओढला की ०.४२ व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात. अडॅप्टरने अगदी प्रामाणिकपणे ५ व्होल्ट दिले तरी बोर्डावर ४.५८ च पोचतात, आणि रासबेरी पाय ४.६३ च्या खाली 'वीज कमी' म्हणून तक्रार करतो. तीच केबल २४ गेजची घेतली तर घट ०.१७ व्होल्टवर येते. म्हणून मल्टिमीटर अडॅप्टरच्या तोंडाशी लावू नका, बोर्डाच्या पिनांवर लावा, आणि तोही गाणं चालू असताना. पायवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' अशी आज्ञा दिली की उत्तर शून्य यायला हवं. शून्याखेरीज काही आलं तर वीज कमी पडली आहे किंवा बोर्ड तापला आहे.

तापण्याचं आपल्या भागात विसरून चालत नाही. १२ व्होल्टचा जुना अडॅप्टर आणि ७८०५ रेग्युलेटर वापरून ५ व्होल्ट काढणारे पुष्कळ असतात. संच ४०० मिलिअँपिअर घेत असेल तर उरलेले ७ व्होल्ट उष्णतेत जातात, म्हणजे २.८ वॅट. हीटसिंक नसेल तर ७८०५ चं तापमान वॅटमागे जवळजवळ ६५ अंशांनी चढतं. खोलीत ४० अंश असताना तो पावणेदोन वॅटच्या आतच आपल्या मर्यादेला पोचतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. थंड झाला की पुन्हा चालू. थंडीत उत्तम चालणारा संच वैशाखात दर थोड्या वेळाने मुका होतो तो यामुळे, आणि लोक मात्र सॉफ्टवेअर बदलत बसतात. हीटसिंक लावा, किंवा सरळ चांगला ५ व्होल्टचा अडॅप्टर घ्या.

वीज ठीक निघाली तर मॉड्यूलकडे वळायचं. फिलिप्सने १९८६ मध्ये मांडलेल्या आयटूएस पद्धतीत तीन तारा असतात : एक बिटांचा ठोका देते, दुसरी डावी-उजवी बाजू सांगते, तिसरी आकडे नेते. नमुन्यामागे ६४ ठोके धरले तर पहिल्या तारेवर सेकंदाला २८ लाखांहून जास्त ठोके पडतात. ही तार हातभर लांब, सैल आणि ग्राउंडच्या तारेपासून दूर ठेवली तर ठोके चुकणारच. दहा सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि शेजारून ग्राउंडची तार न्या. जांभळ्या मॉड्यूलवर आणखी दोन जागा भिंगाखाली पाहण्यासारख्या आहेत. एससीके ही पिन मोकळी राहिली तर ती हवेतला गोंगाट घड्याळ म्हणून घेते. बोर्डाजवळ बोट नेलं तरी आवाज बदलतो, तुटतो. ती ग्राउंडला जोडली की चिप बिटांच्या ठोक्यावरून आपलं घड्याळ स्वतः तयार करते. दुसरी जागा मागच्या बाजूला, एच-थ्री-एल असं लिहिलेली. तिथे मधला ठिपका 'एच' च्या बाजूला सोल्डरने जोडलेला हवा. तो आवाज चालू-बंद करणाऱ्या एक्सएसएमटी पिनेचा आहे, आणि तिला पक्के ३.३ व्होल्ट मिळाले नाहीत तर चिप आपणहून गप्प होते. मग तानपुरा चालू ठेवून बांबूच्या कोरड्या काडीने एकेक जोड हलकेच दाबत जायचं. कच्चा जोड दाबला की आवाज लगेच सांगतो.

वायफायवरून गाणं येत असेल तर एकदा तीच फाइल पेनड्राइव्हवरून वाजवून बघा, निकाल तिथेच लागतो. टीव्हीशी जोडल्यावरच घरघर आणि तुटणं सुरू होत असेल तर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे दोन यंत्रांच्या ग्राउंडचा संबंधच तुटतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदललेली गोष्ट लिहा. केबल, अडॅप्टर आणि सेटिंग एकदम बदलून आवाज सुधारला तर काय सुधारलं ते कधीच कळणार नाही, आणि महिन्याभराने तोच दोष परत येईल.

आता खास या गावासाठी एक सांगणं आहे, आणि ते मी हात जोडून सांगतो. तेरखेड्यात घराघरातून फटाक्यांच्या कामाशी संबंध असलेली माणसं आहेत. सोल्डरिंगची इस्त्री ३५० अंशांपर्यंत तापते. दारूकाम करून आलेल्या कपड्यांनी, न धुतलेल्या हातांनी सोल्डरिंगला बसू नका. जिथे दारू, वाती किंवा तयार माल ठेवलेला आहे त्या खोलीत, त्या पडवीत, इस्त्रीची वायर नेऊसुद्धा नका. अंघोळ करून, कपडे बदलून, दुसऱ्या जागी बसा. मुलं हे काम करत असतील तर घरातल्या मोठ्यांनी ही एक गोष्ट स्वतः बघावी.

आणि पालकांना एक विनंती. मुलाने दुसरी चिप मागितली तर त्याच पैशांत आधी एक साधा मल्टिमीटर घेऊन द्या. इथल्या टेबलावर मी मीटर, २४ गेजची केबल आणि तानपुऱ्याची फाइल आणून ठेवली आहे. ज्यांचा संच तुटतो आहे त्यांनी तो घेऊन पुढे यावं, आपण आत्ताच तपासू.