फ्रेम रिले : वाहतुकीची आणि चुकांची मोजदाद

इसवी सन 1990 नंतरच्या दशकात अनेक देशांतील बँका, विमा कंपन्या आणि विद्यापीठे यांनी आपली दूरदूरची कार्यालये एकमेकांस जोडण्यासाठी फ्रेम रिले नावाच्या सेवेचा आश्रय केला. आज ही सेवा बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. तथापि तिच्या भराच्या काळात एक तंटा पुष्कळ ग्राहकांच्या वाट्यास येत असे. शाखेतील कारकून म्हणे, दुपारी पडद्यावर आकडे उमटावयास फार वेळ लागतो. सेवा पुरविणारी कंपनी म्हणे, आमची तार अगदी ठीक आहे, तुम्ही अधिक क्षमता विकत घ्या. अधिक क्षमता म्हणजे दरमहा अधिक खर्च. खरे कोणाचे, याचा निवाडा करावयाचा तर आकड्यांवाचून दुसरा साक्षीदार नव्हता. हे आकडे कोठून येत आणि ते कसे वाचावयाचे, हे आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

त्यापूर्वीच्या एक्स-25 या पद्धतीत माहितीचा प्रत्येक गठ्ठा वाटेतील प्रत्येक ठाण्यावर तपासला जाई आणि बिघडलेला आढळल्यास मागच्या ठाण्याकडून पुन्हा मागविला जाई. जुन्या, गोंगाटाच्या तारांवर ही सावधगिरी आवश्यकच होती. पुढे काचतंतूंच्या तारा आल्या, चुका फार कमी झाल्या आणि जागोजाग होणारा हा खोळंबा व्यर्थ वाटू लागला. फ्रेम रिलेने तो काढून टाकला. येथे गठ्ठ्यास फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमच्या अखेरीस 16 बिटांचा एक पडताळा असतो. तो जुळला नाही तर ठाणे ती फ्रेम टाकून देते, आणि टाकून दिल्याचे कोणासही कळवीत नाही. हरवलेला मजकूर पुन्हा पाठविण्याचे काम दोन्ही टोकांच्या संगणकांनी करावयाचे. वेग वाढला तो या मौनामुळे. पण त्याच मौनामुळे ग्राहकास स्वतः मोजदाद ठेवणे भाग पडले.

मोजणारे यंत्र म्हणजे प्रत्येक कार्यालयातील राउटर. त्याने कोणकोणते गणक ठेवावेत, हे 1992 सालच्या आरएफसी 1315 या दस्तऐवजात नमूद झाले व 1997 साली आरएफसी 2115 ने त्यात सुधारणा केली. प्रत्येक मंडलावर, म्हणजे दोन कार्यालयांमधील प्रत्येक ठरावीक जोडणीवर, किती फ्रेम गेल्या, किती आल्या, किती अक्षरे वाहिली आणि गर्दीच्या किती खुणा मिळाल्या, यांची नोंद राहते.

प्रथम चुकांचे पाहू. राउटरवर पडताळा न जुळल्याचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा त्या कार्यालयापासून जवळच्या ठाण्यापर्यंतच्या तारेत, जोडात किंवा तालदर्शक घड्याळात असतो. कारण वाटेत इतरत्र बिघडलेली फ्रेम तेथेच टाकली जाते. ती शेवटपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून हा आकडा शून्य आहे, एवढ्यावरून तार निर्दोष ठरत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांचे आकडे समोरासमोर मांडावे लागतात. समजा, सकाळी 10 ते 11 या तासात मुख्य कार्यालयाने 1,20,000 फ्रेम पाठविल्या आणि शाखेस 1,19,400 मिळाल्या. वाटेत 600 फ्रेम, म्हणजे शेकडा अर्धा, नाहीशा झाल्या. मात्र दोन्हीकडची घड्याळे जुळलेली हवीत. नाही तर वजाबाकी फसवी होते.

नाहीशा झालेल्या फ्रेम बिघडल्या की गर्दीत चेंगरल्या? याकरिता गर्दीच्या खुणा पाहावयाच्या. वाटेतील ठाण्यावर गर्दी झाली की गर्दीच्या दिशेने पुढे जाणाऱ्या फ्रेमवर 'फेकन' आणि उलट दिशेने परतणाऱ्या फ्रेमवर 'बेकन' ही खूण केली जाते. एखाद्या कार्यालयास बेकनच्या खुणा पुष्कळ येत असतील, तर त्याने पाठविलेल्या वाहतुकीचीच वाट अडलेली आहे, असे समजावे. तिसरी खूण 'डीई' होय. करारात ठरलेल्या वेगापेक्षा अधिक पाठविलेल्या फ्रेमवर ती उमटते आणि गर्दीच्या वेळी अशा फ्रेमचा बळी प्रथम जातो.

येथेच तंट्याचे मूळ सापडते. तार 64 किलोबिटांची आणि कराराचा वेग सेकंदास 32 किलोबिट, असे धरू. राउटरची पाच मिनिटांची सरासरी 24 दाखविते. ग्राहक म्हणतो, मी मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. परंतु त्या पाच मिनिटांपैकी एक मिनिट पूर्ण 64 च्या वेगाने आणि उरलेली चार मिनिटे 14 च्या वेगाने वाहतूक झाली, तरी सरासरी 24 च येते! त्या एका मिनिटात निम्मा माल मर्यादेबाहेरचा होता. ग्राहक खोटे बोलत नाही. त्याची सरासरी मात्र अपुरी आहे.

उलट बाजूही आहे. फ्रेम हरवू लागल्या की संगणक तोच मजकूर पुन्हा पाठवितात आणि त्यामुळे वाहतुकीचा आकडा फुगतो. कंपनी तो आकडा दाखवून म्हणते, पाहा, तुमचे काम वाढले. वस्तुतः काम तेवढेच असून दुबार पाठवणी वाढलेली असते. म्हणून हरवलेल्या फ्रेमचा हिशेब लागल्याखेरीज अधिक क्षमता घेणे हा शुद्ध उधळेपणा होय.

गणकांच्या दोन खोड्या ठाऊक असाव्यात. राउटर पुन्हा सुरू झाला की ते शून्यावर येतात. शिवाय 32 बिटांचा गणक 4,29,49,67,295 पर्यंतच मोजतो व पुन्हा शून्यापासून निघतो. 64 किलोबिटांची तार एका दिशेने भरून वाहत असता अक्षरांच्या गणकास याला सुमारे 6 दिवस 5 तास लागतात. 2,048 किलोबिटांच्या तारेवर मात्र साडेचार तासांहून थोडाच अधिक वेळ पुरतो. तेथे दिवसातून एकदा आकडा टिपणे व्यर्थ आहे.

जोडणी जिवंत आहे की नाही, याची विचारपूस राउटर सामान्यतः दर 10 सेकंदांनी जवळच्या ठाण्याकडे करतो. खेड्यातील चर्चची सांजघंटा एखादे दिवशी वाजली नाही, तर लोक वाट पाहतात. लागोपाठ वाजली नाही, तर चौकशीस जातात. येथेही चार विचारण्यांपैकी तीन फुकट गेल्या की जोडणी बंद धरण्याची रूढी आहे.

हे आकडे माणसाने रात्रंदिवस टिपणे शक्य नव्हते. इंग्लंडातील लेस्टर येथील डी मॉन्टफर्ट विद्यापीठात 1994 साली हजारांहून अधिक संगणकांस बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच 64 किलोबिटांची तार होती. तेथे काम करणाऱ्या टोबियास ओटिकर यांनी दर पाच मिनिटांनी राउटरचे गणक वाचून त्यांचा आलेख काढणारा एमआरटीजी हा प्रोग्राम लिहिला व 1995 साली तो सर्वांस खुला केला. फ्रेम रिलेच्या ग्राहकांसही तो वापरता येई. दिवसाच्या आलेखात तो पाच मिनिटांची सरासरी दाखवितो, आठवड्याच्या आलेखात अर्ध्या तासाची, महिन्याच्या आलेखात दोन तासांची आणि वर्षाच्या आलेखात एका दिवसाची. दुपारची दहा मिनिटांची कोंडी वार्षिक आलेखात अर्थातच दिसेनाशी होते. म्हणून पाच-पाच मिनिटांची कमाल मूल्येही त्या आलेखांवर दाखविण्याची सोय त्यात केलेली आहे. कराराच्या नूतनीकरणास बसताना कंपनीपुढे ठेवावयाचा कागद तो.