नेम आणि वारा



नेमबाजी म्हटली की तीक्ष्ण नजर आणि स्थिर हात, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलीत कांस्यपदक मिळविले, ते ५० मीटरांच्या लक्ष्यावर. लक्ष्य हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरांवर नेले, की नजर आणि हात पुरे पडत नाहीत. तेथे गणित लागते. आणि गणित थकते तेथे वारा ओळखावा लागतो.

गोळी सरळ रेषेत जाते, हा पहिला भ्रम. फेकलेली वस्तू अन्वस्ताच्या वाटेने जाते, असे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात दाखविले. पण ते हवेचा विरोध नसताना. हा विरोध केवढा, हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्याने १७४२ साली सांगितले. त्याची युक्ती साधी होती. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगावयाचा, त्यावर गोळी झाडावयाची आणि झोका किती गेला ते मोजावयाचे. झोक्यावरून गोळीचा वेग निघतो. ठोकळा दूर नेला की वाटेत किती वेग गेला तेही कळते. हवा गोळीला तिच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने मागे रेटते, असे त्याला आढळले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

आता एक हिशेब करू. ७.६२ मिलिमीटर व्यासाची, ११ ग्रॅमच्या आसपास वजनाची गोळी सेकंदाला ७९० मीटर वेगाने सुटली. हवा नसती, तर हजार यार्ड तिने १.१६ सेकंदांत तोडले असते. प्रत्यक्षात तिला सुमारे १.७ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ती दहा-अकरा मीटर खाली येते. म्हणून नळी तितकी वर रोखावी लागते. हे खाली येणे ठरलेले आहे. ते कोष्टकात मांडता येते. मात्र एका काडतुसातील दारूने सेकंदाला दहा मीटर वेग कमी दिला, की गोळी पाव मीटर खाली लागलीच!

वाऱ्याचे तसे नाही. आडवा वारा गोळीला किती ढकलतो, याचा नियम मोठा मौजेचा आहे. हवेमुळे गोळीला जो उशीर झाला, त्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणावयाचे. आपल्या हिशेबात उशीर अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक. वारा सेकंदाला चार मीटर असला, तर गोळी दोन मीटरांहून अधिक बाजूला जाते. आणि वाऱ्याचा अंदाज एका मीटरने चुकला, तरी अर्ध्या मीटरची चूक पदरी येते. शिवाय वारा सर्व वाटेवर सारखा नसतो. म्हणून कसलेला नेमबाज निशाणांकडे पाहतो, गवताकडे पाहतो, दुर्बिणीतून उन्हाच्या झळा कोणीकडे वाहतात ते पाहतो, आणि मगच चाप ओढतो.

यातून आपण घ्यावयाचे ते काय? नेम चुकलेली गोळी नाहीशी होत नाही. अशी गोळी तीन-चार किलोमीटरही जाऊ शकते. इतकी काळजी घेणाऱ्यालाही ती कोठे पडेल याची खात्री देता येत नाही. मग वरातीत हौसेने आकाशात बार काढणाऱ्याने ती कोणाच्या भरवशावर द्यावी? २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याने असा बार हा गुन्हा ठरविला आहे. पण कायद्याच्या आधी पदार्थविज्ञानाने तो ठरविलेला होता. वर गेलेली प्रत्येक गोळी खाली येते. आणि खाली आपलीच माणसे असतात.