सुटका आणि निर्दोषत्व : नानावटी खटला आणि चित्रपट



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्याच एका प्रश्नातून आजचा विषय मला सुचला. १९६३ साली मी 'ये रास्ते हैं प्यार के' हा चित्रपट पाहिला. त्यात सुनील दत्त नायक होता आणि अशोककुमार व मोतीलाल वकिलांच्या भूमिकांत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो, की नानावटी असेच निर्दोष सुटले. सर मागे उभे होते, हे मला ठाऊक नव्हते. "निकाल वाचलास का?" एवढेच त्यांनी विचारले आणि ते निघून गेले. मी तो वाचला पुढे कायद्याचा विद्यार्थी झाल्यावर. चाळीस वर्षे वकिली करूनही तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या खटल्याची हकिकत थोडक्यात सांगतो. १९५९ साली आपले बडोदे मुंबई राज्यातच होते. त्यामुळे ही बातमी आपल्या घरांतही चवीने वाचली जात असे. त्या वर्षी २७ एप्रिल रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांना पत्नीने आपल्या प्रेमसंबंधाची कबुली दिली. दुपारी दीडच्या सुमारास ते घराबाहेर पडले. पत्नीला व मुलांना त्यांनी चित्रपटगृहात सोडले आणि सहा वाजता न्यायला येतो म्हणून सांगितले. मग ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्वर व सहा काडतुसे घेतली. प्रेम आहुजा यांच्या कार्यालयात ते भेटले नाहीत, म्हणून ते त्यांच्या घरी गेले. ४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास गोळ्या सुटल्या आणि आहुजा मरण पावले. त्यानंतर नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीपुढे खटला चालला. बचाव असा होता, की झटापटीत गोळ्या चुकून सुटल्या. २१ ऑक्टोबर रोजी ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने 'निर्दोष' असा निर्णय दिला. न्यायाधीशांना तो मान्य झाला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने खुनाचा दोष सिद्ध मानून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

त्या निकालपत्रातील दोन गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिली टॉवेलची. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते व त्यांच्या अंगावर फक्त टॉवेल होता. ते कोसळले तरी तो टॉवेल जागचा हलला नव्हता. झटापट झाली असती, तर तो राहिला असता का? दुसरी गोष्ट वेळेची. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात कृत्य घडले, तर कायदा त्याला खून मानत नाही. परंतु दीड ते चार-वीस, म्हणजे जवळजवळ तीन तास, हा मन ताळ्यावर येण्यास पुरेसा अवधी होता, असे न्यायालयाने म्हटले. पडद्यावर एक दृश्य संपून दुसरे सुरू होताना तीन तास सहज निघून जातात. न्यायालयात मात्र ते मिनिटांनी मोजावे लागतात.

आता चित्रपटांकडे वळू. १९६३ च्या चित्रपटात नौदलाचा अधिकारी वैमानिक झाला. १९७३ साली गुलजारांच्या 'अचानक'मध्ये तो लष्करातील मेजर झाला. तिथे तो पत्नीचाही जीव घेतो आणि फाशीच्या शिक्षेस पात्र ठरतो. २०१६ सालच्या 'रुस्तम'मध्ये नौदल परत आले, पण सोबत विमानवाहू जहाजाच्या खरेदीतील भ्रष्टाचाराचे कथानकही आले. त्यामुळे खुनाला देशभक्तीची झालर लागली आणि कथा ज्यूरीच्या 'निर्दोष' या शब्दाशी येऊन थांबली.

नावे बदलली, पेशा बदलला, याबद्दल माझी तक्रार नाही. चित्रपटकार हा काही न्यायालयाचा लघुलेखक नव्हे. 'अचानक'ने तर कथेचा रोखच इतका बदलला, की त्यातून एक वेगळा प्रश्न उभा राहिला : ज्याला फाशी द्यायची, त्याला डॉक्टरांनी वाचवायचे कशाला? असा बदल मला प्रामाणिक वाटतो. मात्र कथा ओळखू येईल इतकी तशीच ठेवायची आणि मृत माणसाच्या माथी त्याच्यावर कधीच नसलेला आरोप मारायचा, हे मला न्याय्य वाटत नाही. मेलेला माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात येऊ शकत नाही.

पण सगळा दोष चित्रपटांचाही नाही. कॅमेरा येण्यापूर्वीच त्या खटल्याचा चित्रपट झाला होता. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने उघडपणे नानावटींची बाजू लढवली आणि न्यायालयाबाहेर त्यांच्यासाठी गर्दी लोटत होती. या खटल्यामुळेच ज्यूरी गेली, असे आजही ऐकू येते. वास्तविक १९५८ सालीच विधी आयोगाने ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली होती, आणि देशात तिचा शेवट झाला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने.

मग सरांच्या प्रश्नापुढे मी पूर्ण चुकलो होतो का? १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. पुढे ते कुटुंबासह कॅनडाला गेले. म्हणजे ते सुटले, हे अखेर खरेच ठरले. परंतु माफी दोषी माणसालाच देता येते. निर्दोषाला तिची गरजच नसते. राज्याने दया दाखवली. चित्रपटांनी त्या दयेच्या जागी निर्दोषत्व बसवले. या दोहोंतील अंतर पुसले गेले, की एका माणसाचा जीव गेला होता, हेही पुसले जाते.

'रुस्तम' पाहून आल्यावर माझ्या नातीने अभिमानाने मला तीच गोष्ट सांगितली, जी मी मधल्या सुट्टीत सांगत होतो. मी तिला रागावलो नाही. कपाटातून निकालपत्राची प्रत काढून तिच्या हाती दिली. तशीच एक प्रत आज मी शाळेच्या ग्रंथालयासाठी मुख्याध्यापकांकडे सुपूर्द करीत आहे. मुलांनी चित्रपट जरूर पाहावेत, टाळ्याही वाजवाव्यात. फक्त त्यांनी सरांचा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.