खेडचें रण आणि आमची भाऊबंदकी
(भोसरी येथील सभेंत केलेलें भाषण)



भोसरीहून मोशी, चाकण ओलांडून नाशिकच्या वाटेनें गेलें, कीं भीमेच्या कांठीं खेड लागतें. त्यालाच आज राजगुरुनगर म्हणतात. त्या मातींत १२ आक्टोबर १७०७ रोजीं मराठेच मराठ्यांशीं लढावयास उभे राहिले, हें आम्हांपैकीं कितीजणांस ठाऊक आहे?

हकीकत अशी. १६८९ सालीं रायगड पडला, तेव्हां सात वर्षांचे शाहू मोंगलांच्या कैदेंत गेले. राजाराम १७०० सालीं वारल्यावर ताराबाईंनीं सात वर्षें औरंगजेबाशीं झुंजून राज्य राखलें. १७०७ सालीं औरंगजेब मेला आणि त्याचा पुत्र आजमशहा यानें शाहूंस मोकळें केलें. दया आली म्हणून नव्हे! एका गादीला दोन धनी झाले म्हणजे मराठे आपसांत कापले जातील, हा त्यांतला डाव. ताराबाईंनीं शाहूंस तोतया ठरविलें, आणि धनाजी जाधव व परशुरामपंत प्रतिनिधी यांस त्यांच्यावर धाडलें.

पण धनाजींची खात्री पटली, कीं समोर आहे तो खरा शाहूच. त्यांनीं शाहूंचा पक्ष धरला. प्रतिनिधींनीं सातारा गांठला. १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास शाहूंस राज्याभिषेक झाला.

रण आटोपलें, भांडण आटोपलें नाहीं. सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. वारणेचा तह व्हावयास १७३१ साल उजाडलें. चोवीस वर्षें! फौज कोणाचीही असो, तिच्या घोड्यांनीं चारलें तें कुणब्याचेंच शेत, नाल ठोकले ते लोहारानेंच. आणि धनाजींस वळविणारे बाळाजी विश्वनाथ १७१३ सालीं पेशवे झाले. तंटा छत्रपतींच्या घरांत, कारभाराच्या किल्ल्या मात्र हळूहळू पेशव्यांच्या कमरेला!

आज भोसरीच्या शेतांत कारखाने उभे आहेत. जेथें बाजरी पिकत होती, त्या जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि तिच्यापायीं सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. तेथेंही दोघे भाऊ झिजतात, पोट भरतें तें तिसऱ्याचें. म्हणून आमचें सांगणें एवढेंच: मोजणी करून घ्या, बहिणींचा वांटा धरा, वाटणीचा कागद करा, आणि एका पंगतीला जेवा.

समोरचा तोतया नाहीं, आपल्याच घरचा आहे, हें धनाजींनीं रणांत ओळखलें. आम्हीं तें निदान वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीं ओळखावें.